आधी ओळख, मग घर

एकटं दिसलेलं मांजराचं प्रत्येक पिल्लू पोरकं नसतं. भाटी पिल्लांना आडोशाला ठेवून खाणं शोधायला जाते. जागा बदलायची असली की एकेक पिल्लू मानेला धरून नेते, आणि तिची ही ये-जा चालू असताना वाटेने जाणाऱ्याला मागे राहिलेली दोन पिल्लं बेवारस वाटतात. तो ती कळवळून उचलतो. आई परत येते तेव्हा जागा रिकामी असते. आईच्या दुधावर सहज वाढली असती अशी पिल्लं मग बाटलीवर दगावतात, आणि उचलणाऱ्याला आपण काय केलं हे कळतही नाही. म्हणून रस्त्यावरची जनावरं उचलून सांभाळण्याच्या आणि त्यांना घर मिळवून देण्याच्या या कामात सगळ्यात आधी शिकायचं ते हात आवरणं. पिल्लं उबदार आणि शांत असतील, पोटं गोल असतील, तर आई येऊन-जाऊन आहे. लांब, तिला दिसणार नाही असं थांबून काही तास वाट पाहायची. समोर माणूस उभा असेल तर ती येणारच नाही. पिल्लं गार लागत असतील, रडणं थांबत नसेल, अंगावर माश्या बसत असतील किंवा जागाच गाड्यांच्या चाकांखालची असेल, तर मात्र थांबू नये. माणसाचा वास लागला की आई पिल्लाला टाकते, हा समज डोक्यातून काढून टाकलेला बरा. सहसा असं काही होत नाही.

मोठ्या जनावराच्या बाबतीत आधी वेगळी शंका घ्यायची: हे बेवारस आहे की हरवलेलं? घरातून निसटलेलं कुत्रं दोन-तीन आठवड्यांत ओळखू येणार नाही इतकं खंगतं, केसांच्या जटा होतात, हात उगारला नाही तरी दबकतं. ते पाहून ‘मारझोड करून सोडून दिलंय’ असा निष्कर्ष लगेच काढला जातो, आणि मालक शोधायचं राहून जातं. दबकणारं कुत्रं मार खाल्लेलं असेलच असं नाही. लहानपणी माणसांची सवयच न झालेलं कुत्रंही तसंच दबकतं. म्हणून आधी मायक्रोचिप, म्हणजे ओळख क्रमांकासाठी कातडीखाली टोचलेली बारीक चिप, आहे का ते बघायचं. हल्लीच्या प्रमाणित चिपचा क्रमांक 15 अंकी असतो आणि ती 134.2 किलोहर्ट्झवर वाचली जाते. जुन्या काही चिपा 125 किलोहर्ट्झच्या असतात, त्या प्रत्येक स्कॅनरला सापडत नाहीत. स्कॅनर दोन खांद्यांच्या मधे एकदा टेकवून ‘चिप नाही’ म्हणून मोकळं होणं ही नेहमीची चूक. चिप कातडीखाली सरकते. धातूचा पट्टा काढून ठेवायचा, स्कॅनर अंगाला जवळजवळ लावून, सावकाश, नागमोडी फिरवायचा: मानेपासून पाठीपर्यंत, मग दोन्ही खांद्यांवरून खाली कोपरापर्यंत. पुढच्या एक-दोन दिवसांत हे पुन्हा करायचं. क्रमांक सापडला तरी तो पत्ता नसतो. तो नोंदणीपर्यंत नेतो, आणि मालकाने फोन बदलल्याचं तिथे कळवलं नसेल तर शोध तिथेच अडतो. मांजराच्या एका कानाचं टोक सरळ रेषेत कापलेलं असेल तर त्याची नसबंदी झालेली आहे आणि त्याच्या खाण्यापिण्याकडे कुणाचं तरी लक्ष आहे. धडधाकट असेल तर त्याला तिथेच राहू द्यावं.

पकडण्याबद्दल थोडक्यात. घाबरलेल्या कुत्र्याच्या मागे कधीही धावायचं नाही. कडेला, त्याच्याकडे तोंड न करता बसायचं, खाऊ आपल्या दिशेने नाही तर त्याच्या पलीकडे टाकायचा. खाऊ घेऊन ते आपणहून वळून येतं. हाती आलं की दोन बंधनं: मानेला घट्ट होणारा पट्टा आणि छातीला हार्नेस, दोन्हींना वेगळ्या दोऱ्या. एकातून मागे सरकून निसटणारी कुत्री कितीतरी. मांजरासाठी वरून उघडणारा कडक कॅरिअर आणि त्यावर टाकायला चादर; अंधार झाला की मांजर निवांत होतं. चावलंच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची. पाच नाही, घड्याळ लावून पंधरा. आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर उपचार जवळपास उरत नाही, आणि वेळेवर धुणं व लस यांनी तो टळतो. मांजराचा चावा बाहेरून टाचणी टोचल्याएवढा दिसतो, पण दात खोल जातो; हात दुसऱ्या दिवशी सुजून येतो. हे काम नियमित करणाऱ्याने रेबीजची आगाऊ लस घेतलेली असलीच पाहिजे, यात चर्चा नाही.

आता खोली. नवीन आलेलं जनावर घरातल्या जनावरांपासून निदान 14 दिवस वेगळं ठेवायचं. हा आकडा हवेतून आलेला नाही. कुत्र्यांचा पार्व्हो, म्हणजे आतड्यांचा विषाणूजन्य आजार, संसर्ग झाल्यापासून साधारण 3 ते 7 दिवसांत, कधी 14 दिवसांपर्यंत, उघड होतो. म्हणजे आज टुणटुण उड्या मारणारं पिल्लू परवा रक्ताची हगवण घेऊन पडलेलं असू शकतं. डिस्टेंपर हा कुत्र्यांचा दुसरा विषाणूजन्य आजार तर याहूनही उशिरा डोकं वर काढतो. पार्व्होचा विषाणू 1978च्या सुमारास कुत्र्यांमध्ये दिसला आणि थोड्याच काळात जगभर पसरला, कारण तो जनावराच्या अंगाबाहेर कित्येक महिने तग धरतो. अल्कोहोलवाल्या सॅनिटायझरला तो दाद देत नाही. घरगुती ब्लीच 1 भाग आणि पाणी 32 भाग, आणि पृष्ठभाग 10 मिनिटं ओला राहायला हवा. त्याआधी घाण साबणाने काढलेली हवी. विष्ठेवर ओतलेलं ब्लीच विष्ठेतच संपतं. द्रावण रोज ताजं करायचं. खोली अशी निवडायची की जिची फरशी धुता येते: बहुतेक घरांत ती न्हाणीघरच असते, आणि ते चालतं. निरोगी जनावरांचं खाणं-साफसफाई आधी, वेगळ्या खोलीतलं शेवटी, तिथले कपडे आणि चपला तिथेच. कंटाळवाणं काम आहे. पण घरात आधीपासून असलेली लस न झालेली पिल्लं एका आठवड्यात गमावण्यापेक्षा बरं.

उपाशी जनावराला पोटभर खाऊ घालण्याची ऊर्मी इथे आवरावी लागते. फार दिवस उपासमार झालेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींत ओढलं जातं, आणि उपासमारीतून वाचलेलं कुत्रं भरल्या पोटी मरतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटका झालेल्या कैद्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी हेच पाहिलं होतं. विश्रांतीत लागणारी ऊर्जा काढायचं सूत्र: किलोतल्या वजनाचा 0.75 घात, गुणिले 70. दहा किलोच्या कुत्र्याला हे सुमारे 400 किलोकॅलरी येतं. हाडं दिसणाऱ्या कुत्र्याला पहिल्या दिवशी त्याचा चतुर्थांश, म्हणजे 100च्या आसपास, तोही चार-सहा वेळांत विभागून. मग चार-पाच दिवसांत हळूहळू पूर्ण. हे डॉक्टरांच्या नजरेखाली, रक्त तपासत. मांजराची अडचण उलटी. ते भेदरून खातच नाही, आणि दोन-तीन दिवस न खाल्लेल्या मांजराच्या, त्यातही जाडजूड मांजराच्या, यकृतात चरबी साचायला लागते. ‘भूक लागली की खाईल’ हे मांजराच्या बाबतीत धरून चालू नये.

खरी परीक्षा मांजराच्या डोळे न उघडलेल्या पिल्लांची. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजायचं नाही, ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी कमीच. अंगाचं तापमान 35 अंशांच्या खाली गेलं की आतडी थांबतात. आत गेलेलं दूध पचत नाही, कुजतं. आधी ऊब, तीही सावकाश, तास-दोन तास घेऊन: टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी, किंवा खोक्याच्या अर्ध्याच तळाखाली हीटिंग पॅड. अर्ध्याच, कारण तापलं तर पिल्लाला सरपटत दुसऱ्या बाजूला जाता आलं पाहिजे. गाईचं दूध नको. मांजराच्या दुधाच्या मानाने त्यात प्रथिनं आणि चरबी कमी, दुग्धशर्करा जास्त, म्हणून जुलाब लागतात, आणि शंभर ग्रॅमच्या जिवाला जुलाब म्हणजे काही तासांचा खेळ. पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडरच घ्यायची. पाजताना पिल्लू पालथं असावं, आईखाली असतं तसं, हनुवटी किंचित वर. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं. बाटली उलटी केल्यावर निपलमधून थेंब सावकाश सुटला पाहिजे. धार लागत असेल तर भोक मोठं आहे. बाटली दाबायची नाही, पिल्लाला ओढू द्यायचं. ओढताना त्याचे कान तालात हलतात, पुढचे पंजे हवेत मळल्यासारखे चालतात. कान थांबले की क्षणभर बाटली काढायची. नाकातून दूध आलं तर लगेच थांबून डोकं खाली करायचं. एका वेळी 100 ग्रॅम वजनामागे साधारण 4 मिली, पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीही. दर खेपेनंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शेपटीखाली हळूच पुसत राहायचं, लघवी होईपर्यंत, कारण या वयात ती आपोआप होत नाही. आईच्या जिभेचं ते काम. ग्रॅम दाखवणारा काटा हवा. रोज 10 ते 15 ग्रॅम वाढ झाली पाहिजे. एक दिवस काटा हलला नाही तर लक्ष ठेवायचं, खाली आला तर डॉक्टर. पिल्लू ‘बरं दिसतंय’ असं वाटण्यापेक्षा काटा जास्त खरं सांगतो.

औषधांच्या कपाटाबद्दल दोन वाक्यं. माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आणि कुत्र्यांसाठीचं, परमेथ्रिन असलेलं गोचिडांचं औषध मांजराच्या मानेवर घातलं की झटके येतात. दरवर्षी कितीतरी मांजरं अशी ‘उपचारांनी’ मरतात.

लसीकरण एका सुईवर संपत नाही, कारण आईकडून मिळालेली प्रतिद्रव्यं लसच निकामी करतात, आणि ती कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून 6 ते 8 आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी, 16 आठवड्यांचं होईपर्यंत. अशीच गफलत मांजरांच्या एफआयव्ही (प्रतिकारशक्ती खच्ची करणारा विषाणू) चाचणीत होते: पिल्लात दिसलेली प्रतिद्रव्यं आईची असू शकतात, त्यामुळे पॉझिटिव्ह आलेल्या पिल्लाची ते सहा महिन्यांचं झाल्यावर पुन्हा चाचणी केल्याशिवाय त्याच्यावर शिक्का मारू नये. नसबंदी घर देण्याआधी. पिल्लू 8 आठवड्यांचं आणि साधारण किलोभराचं झालं की अनुभवी डॉक्टर ती सुरक्षितपणे करतात. ‘आम्ही नंतर करून घेऊ’ हा शब्द देणारी माणसं खोटारडी नसतात, पण मांजर चौथ्या महिन्यातच गाभण राहू शकतं आणि गाभणपण दोन महिन्यांचं. माणसांचं ‘नंतर’ त्याच्या मागून येतं.

इथपर्यंतचं बहुतेक काम पुस्तकी आहे, शिकून करता येतं. पुढचं तसं नाही.

वेगळं ठेवण्याच्या या चौदा दिवसांकडे लोक निव्वळ वाट पाहण्याचा काळ म्हणून बघतात. आमच्या मते घर मिळतं ते याच दिवसांत, कारण जनावर कळतं ते इथे. आणि कळलं नाही तर घर देणं म्हणजे चिठ्ठी टाकणं. पहिल्या तीन दिवसांवर तर अजिबात विश्वास ठेवू नये. कोपऱ्यात निपचित पडलेलं, कशालाही विरोध न करणारं कुत्रं ‘किती गुणी’ वाटतं. ते गुणी नसतं, गोठलेलं असतं. ऊब, खाणं, झोप मिळाली की मग दिसतं की ताटलीजवळ हात नेला तर ते ताठ होतं, किंवा टोपी घातलेल्या माणसावर भुंकतं, किंवा, हेही होतं, कमालीचं विनोदी आहे. मांजरांना लपायला खोकं द्यावं. नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात केलेल्या, 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लपायला खोकं मिळालेली नवी मांजरं खोक्याविना ठेवलेल्या मांजरांपेक्षा लवकर सावरली. खोक्यात बसलेलं मांजर माणसाळत नाही ही भीती निराधार आहे. लपता आलं म्हणूनच ते बाहेर येतं.

बघायचं काय? एकटं सोडून बघायचं: दाराबाहेर अर्धा तास थांबायचं आणि आत फोन रेकॉर्डिंगला लावायचा. एकटेपणाचा धसका असलेलं कुत्रं बहुधा या अर्ध्या तासातच दार ओरबाडतं, लाळ गाळतं, हंबरडा फोडतं. जिन्यावर, गाडीत, कुकरची शिट्टी किंवा मिक्सर चालू असताना, नख कापायला पाय धरला असताना, दुसरं कुत्रं वीस पावलांवरून गेलं असताना. रोज चार ओळी लिहायच्या, आणि त्यात विशेषणं नकोत. ‘आक्रमक’ असं न लिहिता ‘हाड तोंडात असताना दोन पावलांवर आलं की गुरगुरतं, तीन पावलांवर नाही’ असं लिहायचं. या एका वाक्यावर घर ठरू शकतं: चार वर्षांचं मूल असलेल्या घरी हे कुत्रं जाणार नाही, आणि दोन निवृत्त माणसांच्या घरी आनंदाने जाईल. वयाचाही विचार हवा. कुत्र्यांच्या पिल्लांना माणसांची, आवाजांची, जगाची सवय लागण्याचा काळ साधारण 3 ते 14 आठवड्यांचा, मांजरांचा 2 ते 7. त्या काळात माणूस न पाहिलेलं मोठं मांजर प्रेमाने मांडीवर येईलच असं वचन कुणाला देऊ नये. ते मांडीवर न येताही त्याच घरात सुखाने राहू शकतं, पण घेणाऱ्याला हे आधी माहीत हवं.

मग जाहिरात. ‘या मुक्या जिवाला कुणी घर देईल का?’ अशा ओळींखाली हळहळ भरपूर जमते, पण त्यातून घर क्वचितच मिळतं, आणि मिळालं तर दयेपोटी. दया महिनाभर पुरते. त्यापेक्षा असं लिहावं: ‘अंदाजे दोन वर्षांची कुत्री, 14 किलो, नसबंदी आणि लसीकरण पूर्ण. सकाळी उठल्यावर पाच मिनिटं वेड्यासारखी गोल धावते, मग दुपारपर्यंत झोपते. चार तास एकटी राहते. मांजर दिसलं की दोरी खेचते, म्हणून मांजर असलेल्या घरी नको. अनोळखी माणसाला हात लावू द्यायला दोन दिवस घेते.’ यातलं खोड सांगणारं प्रत्येक वाक्य चुकीच्या दहा फोनांना दूर ठेवतं, आणि योग्य माणूस वाचून म्हणतो, ही आपल्याला जमेल. फोटो जनावराच्या डोळ्यांच्या उंचीवरून, उजेडात, पिंजऱ्याच्या गजांशिवाय. काळ्या जनावराला खिडकीकडे तोंड करून बसवावं, नाहीतर चेहऱ्याच्या जागी नुसता डाग येतो.

जनावर पाहायला येणाऱ्यांना उलटतपासणीला बसवू नये. ‘कुत्रं किती वेळ एकटं राहील?’ असं विचारलं की उत्तर मनातल्या आदर्श दिवसाचं मिळतं. ‘गेल्या मंगळवारी तुमच्या घरी सकाळी आठपासून कोण कोण कुठे होतं?’ असं विचारलं की खऱ्या दिवसाचं मिळतं. भाड्याचं घर, नोकरी, लहान जागा अशी कारणं देऊन लोकांना सरसकट नाकारणाऱ्या मंडळींशी आम्ही सहमत नाही. असे नियम सोयीचे असतात, शहाणे नसतात. भाडेकरूकडून घरमालकाची लेखी संमती घ्यावी, बस्स. पण घरातल्या एकाची जरी नापसंती दिसली तर थांबावं. आणि वाढदिवसाची अचानक भेट म्हणून जनावर मागणाऱ्याला हसून नाही म्हणावं. मांजराची दोन भावंडं एकाच घरी देता आली तर उत्तम: ती एकमेकांचे कान चावतात, माणसाचे हात वाचतात.

सोपवताना त्याची वापरलेली, न धुतलेली चादर बरोबर द्यायची. नव्या घरात तेवढाच वास ओळखीचा. सध्याचं खाणं आठवड्याभराचं द्यायचं, आणि नवं खाणं सात ते दहा दिवसांत मिसळत बदलायला सांगायचं. चिपची नोंद नव्या नावावर करून घ्यायची, तिथल्या तिथे, फोनवर. मांजर पहिल्यांदा एकाच खोलीत. घरात आधीचं मांजर असेल तर बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण, मग फट, मग जाळी. दोन कुत्र्यांची भेट दोघांचंही नसलेल्या जागी, समांतर चालत. जनावर निसटण्याचा धोका पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक, आणि बहुतेकदा दार उघडताना: पाहुणा आला, पिशव्या आत घेताना दार राहिलं. म्हणून दोन दोऱ्यांचा नियम तिथेही. घरातून निसटलेलं मांजर बहुधा लांब जात नाही. अर्ध्या किलोमीटरच्या आत, एखाद्या गाडीखाली किंवा पायरीमागे दडून, हाकेला ओ न देता बसलेलं असतं. टॉर्च घेऊन मध्यरात्रीनंतर शोधावं, डोळे चमकतात.

तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने हा ठोकताळा नव्या घराला आधीच सांगून ठेवावा: बावरणं, रुळणं, आपलं मानणं. तो काही सिद्धान्त नाही, पण चौथ्या दिवशी गालिचा ओला झाल्यावर ‘हे आम्हाला जमणार नाही’ म्हणणाऱ्या कुटुंबाला त्याने धीर येतो. त्याच तीन टप्प्यांवर आपणही फोन करावा. करारात एक ओळ नक्की हवी: कधीही, कोणत्याही कारणाने ठेवता आलं नाही तर जनावर आमच्याकडेच परत. आणि परत आणणाऱ्याला टोचून बोलू नये. तो अपमानाच्या भीतीने दुसऱ्या कुणाला देऊन टाकेल किंवा सोडून देईल, तर आपली साखळीच तुटली. शिवाय परत आलेल्या जनावराबरोबर अशी माहिती येते जी आपल्या खोलीत कधीच मिळाली नसती: बाळ रडलं की ते काय करतं, रात्री कुठे झोपतं. ती वहीत लिहायची आणि जाहिरात बदलायची.

राहिला प्रश्न किती जनावरं घ्यायची याचा. हिशेब मनाच्या मोठेपणाचा नसून खोल्यांचा आहे. वेगळी ठेवायला एक खोली असेल तर चौदा दिवसांत एकच खेप, एक जनावर किंवा एका आईची पिल्लं. अंथरायला जागा आहे म्हणून दुसरं आलं की दोघांचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात, नोंदी अर्धवट राहतात, आणि जनावरं न ओळखताच पुढे ढकलली जातात. जी माणसं एकेकाळी उत्तम काम करत होती त्यांच्याच घरी पुढे चाळीस आजारी मांजरं सापडतात, ती याच रस्त्याने. जागा नसताना फोन आला तर नाही म्हणावं, पण फोन ठेवू नये: सापडणाऱ्याच्याच न्हाणीघरात ते दोन आठवडे राहू शकेल का विचारावं, स्कॅनर आणि कॅरिअर उसना द्यावा, पहिल्या दिवशी किती खायला घालायचं ते वजन विचारून सांगावं, आणि वहीत रोज कोणत्या चार ओळी लिहायच्या तेही.